गिलाव्याची भेग

घराच्या भिंतीस भेग पडली म्हणजे गृहस्थाच्या मनांत प्रथम भीति उत्पन्न होते, मग खर्चाचा विचार येतो, आणि शेवटीं गवंड्याचा शोध सुरू होतो. त्या भेगेस कांहीं इतिहास असेल अशी शंका सहसा कोणास येत नाहीं. आम्हांसहि आली नव्हती. पुण्याच्या जुन्या पेठेंतील आमचें राहतें घर शंभर वर्षांहून अधिक वयाचें आहे. खालचा मजला भाजलेल्या विटांचा, वरचा लांकडी सांगाड्यांत भरलेल्या मातीचा, आणि आंतून सर्वत्र चुन्याचा गिलावा, अशी त्याची घडण. सुमारें वीस वर्षांपूर्वीं माजघराच्या भिंतीस पडलेल्या भेगा एका कंत्राटदाराकडून आम्हीं सिमेंटानें बुजवून घेतल्या. काम दोन दिवसांत झालें, वरून चकचकीत रंग चढला, आणि आम्ही ती गोष्ट विसरून गेलों. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं त्याच भिंतीचा हातभर रुंदीचा पापुद्रा खालीं कोसळला. सकाळीं पाहतों तों सिमेंटाचे पट्टे जसेच्या तसे टणक उभे, आणि त्यांच्या दोहों बाजूंचा जुना चुना मात्र पीठ होऊन गळून पडलेला. ज्यास औषध म्हणून लाविलें तें शाबूत राहिलें, आणि रोगी दगावला!

हा प्रकार पाहून आमच्या धाकट्या बंधूंनीं स्पष्टच सांगितलें कीं, आतां ह्या घराची डागडुजी पुरे झाली. तें पाडावें आणि तेथें नवी इमारत उभी करूं द्यावी. त्यांचें म्हणणें अविचाराचें होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. जुन्या घरांत राहण्याचे क्लेश त्यांत राहणाऱ्यांसच ठाऊक. परंतु निकाल देण्यापूर्वीं आरोपीची जबानी घ्यावी, हा साधा न्याय आहे. आणि अध्यापनाचा धंदा करणाऱ्या माणसास गवंड्याकडे जाण्यापूर्वीं पुस्तकांकडे जाण्याची खोड असते. तेव्हां भिंत कां पडली, ह्याचा शोध घेण्यास आम्ही चुन्यापासून आरंभ केला.

चुना हा पदार्थ आपल्या इतका परिचयाचा आहे कीं, त्याच्या अंगची नवलाई आपल्या ध्यानांतच येत नाहीं. शुद्ध चुनखडीचे १०० भाग भट्टींत सुमारें ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत भाजले असतां त्यांतील ४४ भाग कर्बाम्ल वायूच्या रूपानें उडून जातात आणि ५६ भाग कळीचा चुना उरतो. ह्यावर पाणी घातलें कीं तो सणसणतो, तापतो, फुटतो, आणि १८ भाग पाणी पिऊन ७४ भाग विरलेला चुना होतो. हा चुना भिंतीवर चढला म्हणजे भट्टींत गमावलेला तो वायु हवेंतून हळूहळू परत घेऊं लागतो व प्यालेलें पाणी सोडून देतो. आणि शेवटीं पुनः १०० भाग चुनखडी होऊन बसतो. म्हणजे खाणींतून निघालेला दगड अग्नि, जल आणि वायु ह्यांच्या हातून फिरून, आपल्या माजघराच्या भिंतीवर पुनः दगड होतो. मात्र ह्या शेवटच्या प्रवासास तो फार वेळ घेतो. वरचा पृष्ठभाग कांहीं दिवसांत बांधला जातो. पोटांतील चुना कित्येक महिने, जाड थरांत तर वर्षानुवर्षें, कच्चाच असतो. ह्या आळसाचा एक लाभ असा कीं, भिंतीस केसाएवढी चीर पडली आणि तींत ओल शिरली, तर पोटांतील कच्चा चुना थोडासा विरघळून त्या चिरेंत येऊन बसतो व तेथें कठीण होतो. चुन्याची भिंत आपल्या लहानसहान जखमा आपणच भरून काढते, असें जुने कारागीर म्हणत, तें शास्त्रदृष्ट्याहि खोटें नाहीं.

गिलाव्यास भेगा कां पडतात, हा प्रश्न आपल्यापूर्वीं दोन हजार वर्षें रोमन लोकांस पडला होता. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील विट्रूव्हिअस ह्या स्थपतीनें वास्तुशास्त्रावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागांत गिलाव्याचा विचार आहे. त्याचें निदान असें कीं, चुना घाईनें विरवला तर त्यांत कच्चे खडे राहतात. ते भिंतीवर चढल्यावर मागाहून फुलतात आणि गिलावा फोडतात. ह्यासाठीं चुना विरत घातल्यावर त्यांत कुदळीसारखें हत्यार घालून पाहावें, असें तो सांगतो. हत्यारास खडे लागले तर चुना अजून विरला नाहीं. हत्यार कोरडें व स्वच्छ निघालें तर चुन्यास पाणी कमी पडलें. आणि डिंकाप्रमाणें चिकटून आला तरच तो कामास योग्य. त्याच्या पाठोपाठ पहिल्या शतकांत प्लिनी सांगतो कीं, जुन्या इमारतींच्या नियमांत कंत्राटदारानें तीन वर्षांहून ताजा चुना वापरूं नये असें बंधन होतें, आणि म्हणूनच त्या काळच्या गिलाव्यांना भेगांची विद्रूपता आली नाहीं. कंत्राटदारावर कायद्याचा अंकुश ठेवण्याची गरज रोमसहि भासली होती, हें वाचून आम्हांस थोडें समाधान वाटलें. हा प्लिनी इसवी सन ७९ मध्यें व्हेसूव्हिअसच्या स्फोटांत मरण पावला. आणि त्याच प्रदेशांतील ज्वालामुखीची राख चुन्यांत मिसळली असतां तो पाण्याखालींहि घट्ट होतो, हा रोमन लोकांचा सर्वांत मोठा शोध. दैवाची ही थट्टा प्लिनीस कळली असती तर त्यानें तीहि टिपून ठेविली असती.

आमच्या देशांत ज्वालामुखीच्या राखेचें काम विटेच्या पुडीनें केलें. सुरखी ती हीच. भाजलेल्या मातीची बारीक भुकटी चुन्याशीं संयोग पावून त्यास ओलीतहि आवळून धरते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत भिंत तयार करण्याची जी कृति दिली आहे तींत विटांची पूड, माती, गुग्गुळ, मेण, गूळ, बेलफळाचा गर असे पदार्थ येतात. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत चित्रासाठीं भिंतीस पांढऱ्या मातींत वज्रलेप मिसळून थर देण्याची रीति सांगितली आहे. हा वज्रलेप म्हणजे म्हशीचें कातडें शिजवून काढलेला सरस. गूळ, मेथी, उडदाचें पाणी, हिरडा, ताग, अशीं जीं द्रव्यें गवंड्यांच्या तोंडीं परंपरेनें चालत आलीं, त्यांस सुशिक्षितांनीं फार दिवस भाकडकथा मानलें. वस्तुतः त्यांतील कांहींनीं चुना मऊ व चिकट राहतो, कांहींनीं तो सावकाश वाळतो, आणि तागाच्या तंतूंनीं तो आंवळला जाऊन भेगत नाहीं. मात्र प्रत्येक गवंड्याची प्रत्येक पुडी गुणकारी असते असेंहि समजण्याचें कारण नाहीं. वैद्यांप्रमाणें गवंड्यांतहि पोकळ बढाई मारणारे असतातच.

महाराष्ट्राच्या काळ्या दगडाच्या मुलुखांत संगमरवर नाहीं, आणि उत्तम चुनखडीच्या मोठ्या खाणीहि देशावर सर्वत्र नाहींत. येथें चुना झाला तो बहुतेक काळ्या जमिनींत व ओढ्यांच्या कांठीं सांपडणाऱ्या चुनखडीच्या गोट्यांचा. ह्या गोट्यांत मातीचा अंश असतो; त्यामुळें हा चुना दिसण्यांत मळकट, परंतु गुणानें कांहींसा पाण्यांत घट्ट होणारा असतो. तो भाजण्याचें काम लोणारी लोक करीत. आणि तो मळण्याचें काम बैल करीत. वर्तुळाकार दगडी चरांत चुना, वाळू व सुरखी घालून वर भलें मोठें दगडी चाक बैलांकडून फिरवावयाचें, ही चुन्याची घाणी. आपल्या कित्येक किल्ल्यांवर असें चाक आजहि पडलेलें दिसतें, आणि सहलीस आलेले लोक त्यावर बसून छायाचित्रें काढून घेतात. किल्ला कोणीं बांधला हें पाटीवर लिहिलेलें असतें. चुना कोणीं मळला हें लिहिलेलें नसतें. चुन्याची वाफ डोळ्यांत जाऊन दृष्टि अधू झालेल्या, हातांची कातडी सोललेल्या माणसांच्या श्रमावर तें वैभव उभें होतें, ही गोष्ट जुन्या चुन्याचे गोडवे गातांना विसरूं नये.

पुण्याच्या वाड्यांत दगडी जोतें, सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि त्यांत विटांचें अगर पांढऱ्या मातीचें भरण, अशी साधारण रचना असे. ‘पांढरी’ हा शब्द गांवठाणासाठीं आणि मातीसाठीं एकच आहे, हें सहज ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्या मातीवर गांव वसलें तिचींच घरें झालीं, आणि घरें पडलीं कीं तीच माती पुनः पांढरीस मिळाली. १७३० सालच्या जानेवारींत पाया घातलेल्या व १७३२ सालीं वास्तुशांति झालेल्या शनिवारवाड्यांतील महाल १८२८ च्या आगींत जळाले तेव्हां सागवान गेलें, त्याबरोबर भिंतींवरचें कामहि गेलें; उरलीं तीं जोतीं, तट आणि बुरूज. पेशवाईंतील आंतल्या भिंतींचा कांहीं अंदाज यावयाचा असेल तर वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यांत जावें. तेथें भिंतींवरील चित्रें, झिजलेल्या स्थितींत कां होईना, अजून पाहावयास मिळतात. ह्या मातीच्या व चुन्याच्या भिंतींचा मुख्य धर्म असा कीं त्या श्वास घेतात. पावसाळ्यांत जोत्यांतून ओल वर चढते, आणि ऊन पडलें कीं ती गिलाव्याच्या सूक्ष्म रंध्रांतून बाहेर पडते. दर वर्षीं दिवाळीपूर्वीं सफेदीचा हात फिरला म्हणजे बारीक चिराहि बुजत. ती सफेदी म्हणजे सणाची हौस आणि घराची दुरुस्ती, दोन्ही एकाच बादलींत!

सिमेंटाचा जन्म ह्या सगळ्यापासून दूर, इंग्लंडच्या समुद्रांत झाला. जॉन स्मीटन ह्या एंजिनिअरानें १७५६ पासून १७५९ पर्यंत एडिस्टोनच्या खडकावर दीपगृह बांधलें. लाटांच्या माऱ्यांत टिकेल असा चुना शोधतांना त्यास आढळून आलें कीं, ज्या चुनखडींत मातीचा अंश आहे तिचाच चुना पाण्याखालीं घट्ट होतो. पुढें १८२४ सालीं लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिन नांवाच्या एका गवंड्यानें चुनखडी व माती एकत्र भाजून केलेल्या भुकटीचें पेटंट घेतलें, आणि ती घट्ट झाल्यावर पोर्टलंडच्या दगडासारखी दिसते म्हणून तीस पोर्टलंड सिमेंट असें नांव दिलें. हिंदुस्थानांत १८५४ सालीं सार्वजनिक बांधकामखातें स्थापन झालें. त्याच सालीं पुण्यास त्या खात्यासाठीं हाताखालचे लोक तयार करणारी एंजिनिअरिंगची शाळा निघाली. तरीहि सिमेंट विलायतेहून पिंपांत भरून यावयाचें. तें पूल, गोद्या ह्यांच्या वांट्यास जाई, माजघराच्या भिंतीच्या नव्हे. मद्रासेस १९०४ सालीं सिमेंट करण्याचा प्रयत्न झाला, तो फारसा टिकला नाहीं. १९१४ सालीं पोरबंदरास कारखाना चालू झाला. आणि १९३६ सालीं दहा कंपन्या एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी निघाली, तेव्हां सिमेंट खऱ्या अर्थानें आपल्या गल्लींत आलें. घाणी नको, बैल नको, महिनाभर भिजत ठेवणें नको. पोतें फोडावें, पाणी घालावें, आणि संध्याकाळीं घरीं जावें. ज्या गवंड्याच्या बापानें घाणीमागें जन्म काढला त्यानें हें वरदान आनंदानें घेतलें, ह्यांत त्यास दोष देण्यासारखें कांहींच नाहीं.

परंतु पुण्याच्या जुन्या घरांची भिंत केवळ सिमेंटानें फुटली नाहीं. तीस कायद्यानें आणि पाण्यानेंहि हात लावला. १९४७ सालच्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें घरभाडें १९४० च्या सप्टेंबरांतील दरास जवळजवळ जखडून टाकलें. युद्धोत्तर टंचाईंत गरीब भाडेकरूस संरक्षण देण्याचा हेतु सर्वथा योग्य होता. परंतु पुढें पन्नास वर्षें महागाई चढत गेली आणि भाडें तेथेंच राहिलें, तेव्हां मालकानें सफेदीचा खर्च करणें सोडून दिलें, आणि ‘भिंत मालकाची, मग आपण कां करावें’ असें म्हणून भाडेकरूनेंहि हात आंखडला. १९९९ च्या नव्या कायद्यानें वर्षास शेंकडा ४ वाढीची मुभा दिली, तोंपर्यंत एका पिढीच्या भेगा दुसऱ्या पिढीच्या वांट्यास आल्या होत्या. जुन्या वाड्यांच्या ऱ्हासाची कारणें सांगतांना लोक अभिरुचीच्या नांवानें बोटें मोडतात. आमच्या मतें दर वर्षींच्या बादलीभर चुन्याचा खर्च कोणाकडे, हा वाद त्याहून अधिक वाडे पाडून गेला.

पाण्याची कथा पुणेकरांस सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. मातीच्या भिंती ढेकळाप्रमाणें विरघळल्या, आणि सागवानी सांगाडे हाडांच्या सापळ्यासारखे उघडे पडले. आमचें घर थोड्या उंचावर व खालीं पक्क्या विटांचें असल्यानें वांचलें. पाणी ओसरल्यावर आमच्या वडिलांनीं माजघराच्या ओल्या गिलाव्यावर खिळ्यानें आडवी रेघ ओढून तिच्याखालीं तारीख कोरून ठेविली. पुरानंतर जें जें नवें बांधलें गेलें तें बहुतेक सिमेंटांत; आणि ज्यांचे वाडे उभे राहिले त्यांनींहि भयानें आपल्या भिंतींस सिमेंटाचें चिलखत चढविलें. चुन्याचे गवंडी दुसऱ्या कामास लागले. पुढें ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा हादरा पुण्यासहि बसला, तेव्हां सिमेंटाविषयींची श्रद्धा आणखी दृढ झाली असल्यास नवल नाहीं.

ही श्रद्धा अस्थानीं कां, तें आमच्या भिंतीनें दाखविलें. सिमेंट चुन्यापेक्षां कितीतरी कठीण आणि आंखूड स्वभावाचें आहे. जुनी भिंत उन्हाळ्या-पावसाळ्यांत किंचित् फुगते, किंचित् आंवळते, ती हालचाल त्यास सहन होत नाहीं. शिवाय त्यांतून ओल सहजासहजीं बाहेर पडत नाहीं. सिमेंटाच्या पट्ट्यानें आणि वरच्या चकचकीत रंगानें वाट अडविली, कीं जोत्यांतून चढलेली ओल बाजूच्या मऊ चुन्याकडे वळते. तेथून ती उडून जातांना आपल्याबरोबर आणलेले क्षार पृष्ठभागाच्या आंत सोडून देते. आणि त्या क्षारांचे स्फटिक वाढत वाढत गिलाव्याचें पीठ करतात. भिंतीस लोणा लागला, असें आपण म्हणतों तो हाच. दुरुस्ती ही मूळ वस्तूहून बळकट असेल तर मोडण्याची पाळी मूळ वस्तूवर येते, एवढी साधी गोष्ट आमच्या वीस वर्षें ध्यानांत आली नाहीं.

आमच्यासारख्या गृहस्थाची चूक घरापुरती राहते. परंतु अशीच चूक अजिंठ्यासारख्या ठिकाणीं झाली. त्या लेण्यांतील चित्रें ज्या गिलाव्यावर आहेत तो मुख्यतः मातीचा आहे. खडकाची भरड, साळीचा कोंडा, गवताचे व वनस्पतींचे तंतु त्यांत मळलेले आहेत, आणि वर पातळ पांढरा हात देऊन त्यावर रंग चढविलेला आहे. १८१९ सालीं जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस हीं लेणीं पडलीं, तेव्हांपासून चित्रांचे हाल सुरू झाले. रॉबर्ट गिल ह्यानें १८४४ पासून खपून काढलेल्या बहुतेक प्रतिकृति १८६६ सालीं लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. मग मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स ह्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत नव्यानें प्रतिकृति केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगींत गेल्या. प्रतिकृति करतांना मूळ रंग उजळ दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निशहि चढविण्यांत आलें होतें. म्हणजे प्रत जळाली आणि मूळ काळवंडलें.

त्यानंतर निजाम सरकारनें लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी ह्या दोघां इटालियन तज्ज्ञांस बोलाविलें. १९२० ते १९२२ ह्या काळांत त्यांनीं सुटत चाललेल्या गिलाव्याच्या कडा बांधून घेतल्या आणि खडकापासून सुटलेले भाग पुनः चिकटविले. हें काम फार मोलाचें झालें. तें न होतें तर आज आपण पाहतों त्यांतील पुष्कळ चित्रें जमिनीवरून झाडून काढावीं लागलीं असतीं. परंतु रंग पक्के राहावे म्हणून त्यांनीं वर लाखेचा लेप दिला. तो कालांतरानें पिवळा पडला, त्यावर धूळ व धूर बसला, आणि पुढें पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस तो लेप काढण्यांतच वर्षें घालवावीं लागलीं. ज्या हातांनीं भेग नीट सांधली त्याच हातांनीं पृष्ठभाग झांकून टाकला. भेगेपुरतें थांबावें हें कौशल्य सर्वांत दुर्मिळ, असें आम्हांस ह्या उदाहरणावरून वाटतें. वेरुळाच्या मातीच्या गिलाव्यांत भांगेचे तंतु मिसळलेले आहेत, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दाखविलें आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यांतील गवत किड्यांनीं पोखरलें, आणि वेरुळास तसा उपद्रव कमी झाला तो ह्या भांगेमुळें, असें त्या संशोधकांचें अनुमान आहे. भांगेचा असा सात्त्विक उपयोग आमच्या ऐकण्यांत नव्हता.

इंग्लंडांत हाच प्रश्न निराळ्या रूपानें निघाला होता. तेथें गेल्या शतकाच्या आधीच्या शतकांत जुनीं देवळें ‘मूळ स्वरूपांत’ आणण्याच्या उत्साहानें आंतला जुना गिलावा सरसकट खरवडून दगड उघडे करण्याची लाट आली. कवि विल्यम मॉरिस ह्यानें १८७७ सालीं तिच्याविरुद्ध संस्था स्थापिली, आणि तिचें टोपणनांवच ‘खरवडीविरोधी’ असें पडलें. नवें जुन्यासारखें करून लोकांस फसवूं नका, जें आहे तें नित्य निगेनें राखा, हें तिचें म्हणणें होतें. हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल ह्यांनीं १९२३ सालीं जें संरक्षणविषयक पुस्तक काढलें त्यांतहि मूळ अंग, तें किती का खंगलेलें असेना, राखण्यावर भर आहे.

इतकें वाचून झाल्यावर आम्हीं गवंडी शोधला. तीन ठिकाणीं ‘चुना कशाला, सर, केमिकल मारून देतों’ असें उत्तर मिळालें. चौथ्या ठिकाणीं एका सत्तरीच्या गवंडीमामांचा पत्ता लागला. त्यांचे वडील घाणीवर होते. त्यांनीं आल्याबरोबर भिंतीस हात न लावतां बोटाच्या पेरानें ठोकत ठोकत सगळें माजघर ऐकून घेतलें. जेथें आवाज भरीव तेथें कांहीं केलें नाहीं. जेथें पोकळ तेथें कोळशानें वर्तुळ काढलें. मग दाराच्या कोपऱ्यावरून तिरप्या गेलेल्या एका भेगेपाशीं बराच वेळ उभे राहिले. ‘ही गिलाव्याची का भिंतीची, तें आधीं कळूं द्या,’ असें म्हणून त्यांनीं त्या भेगेवर कांचेची एक पातळ पट्टी आडवी चिकटविली. जोतें खचत असेल किंवा तुळई सडली असेल तर भिंत सरकते, आणि कांच तडकते. तसें असतां वर कितीही उत्तम चुना लावणें म्हणजे हाड मोडलें असतां मलम चोळण्यासारखें आहे. दसऱ्याच्या सुमारास लाविलेली ती कांच मार्गशीर्षांतहि शाबूत होती. तोंपर्यंत कळीचा चुना पिंपांत विरत पडला होता. घाई करणाऱ्या आम्हांस मामांनीं इतकेंच विचारलें, ‘वीस वर्षं कळ काढली न्हवं?’

प्रत्यक्ष काम हिंवाळ्यांत झालें, कारण उन्हाळ्यांत चुना बांधण्यापूर्वींच वाळतो व पुनः भेगतो. सिमेंटाचे पट्टे छिन्नीनें, जुन्या चुन्यास धक्का न लावतां, काढण्यांतच चार दिवस गेले. भेगा मुखाशीं अरुंद व पोटांत रुंद अशा कोरून घेतल्या, म्हणजे भरलेला चुना बाहेर निसटूं नये. धूळ कुंच्यानें झाडली; दिवसांतून तीनदां पाणी मारलें. एक भाग चुना, दोन भाग वाळू, एक भाग सुरखी आणि तागाचे कातरलेले तंतु ह्यांचा पहिला थर अर्ध्या बोटाहून जाड नव्हता. तो बांधेपर्यंत ओल्या तरटाचे पडदे. मग दुसरा थर. मग पुनः थांबणें. आणि शेवटीं नीरूचा बारीक हात देऊन घोटाई. सबंध कामास सात आठवडे लागले, आणि खर्च सिमेंटाच्या तिपटीच्या आसपास आला. ज्यास इतका वेळ व पैसा नाहीं त्यानें हें करावें असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु त्यानें निदान चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापूं नये, एवढें सांगण्याइतकी किंमत आम्हीं भरली आहे.

वडिलांनीं कोरलेली पुराची रेघ अर्धी पूर्वीच्या कंत्राटदाराच्या पट्ट्याखालीं कायमची गेली आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचा गिलावा ठोकला असतां पोकळ वाजत होता. तो पाडून नवा करणें सोपें. परंतु मामांनीं त्यास वरच्या बाजूनें तीन बारीक भोंकें पाडलीं, आंत पाणी सोडून धूळ धुतली, ताकासारखा पातळ चुना नळीनें थोडा थोडा आंत सोडला, आणि बाहेरून चिंध्या गुंडाळलेली फळी टेकवून आठ दिवस दाबून ठेविली. फळी काढल्यावर पुनः पेर वाजवून पाहिलें, आणि मान हालविली. ‘आतां बसला.’ तारखेंतील १२ हा आंकडा आणि जुलैचा पहिला अर्धा भाग शिल्लक आहे, साल गेलें. नवा चुना जुन्याशीं रंगानें जुळत नाहीं, त्यामुळें कोणता भाग कोणत्या काळचा हें दारांतूनच कळतें. तें जुळवून घेण्याचा आग्रह आम्हीं धरला नाहीं.

आमचे बंधु भिंत पाहावयास आले होते. त्या रेघेपाशीं ते थोडा वेळ उभे राहिले, तिच्या उंचीस त्यांनीं आपला खांदा लावून पाहिला, आणि घराच्या प्रश्नाचा विचार पुढच्या दिवाळीनंतर करूं असें म्हणाले. वरच्या मजल्याची मातीची भिंत अजून व्हावयाची आहे. मामांनीं उरलेला चुना परसांतील पिंपांत, वर वीतभर पाणी ठेवून, झांकून ठेविला आहे. प्लिनीच्या कलमाप्रमाणें तो वापरण्यास योग्य होण्यास आणखी अडीच वर्षें आहेत.